फोनबॉक्समधलं "या, या"

हसतोस काय, कबीर? आमच्या लंडनमधल्या पिनरच्या हरिदासच्या घरी घडलंय हे. दोन हजार आठ साल, चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळचे सव्वापाच, पण बाहेर मिट्ट काळोख.

लग्नानंतर नऊ वर्षांनी मूल झालेलं, तेही दिवस भरायच्या आधी. महिनाभर कुणालाही घरात घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. "बघायला येऊ का?" विचारणाऱ्या प्रत्येकाला "नको हो, इतक्यात नको" सांगून हरिदास पार विटला होता.

त्यात या पठ्ठ्याने बाबागाडी ठेवायला जुना लाल फोनबॉक्स विकत घेतला! पाऊण टनाचं लोखंडी धूड. घरापुढच्या ड्राइव्हवर उतरवून क्रेनवाला पसार. दार उघडेना. ठोकून ठोकून उघडलं, तर बाबागाडी दोन बोटं जास्त रुंद!

"काय झक मारली नि हा डबा घेतला!"

वरून राजश्री, त्याची बायको, ओरडली, "हरी, ठोकाठोकी बास! आत्ता कुठे झोपलंय ते."

त्याने बॉक्स विकणाऱ्या गोऱ्याला मोबाइल लावला. तो डाव्या कानाला. गोरा आपला, मापं आधीच सांगितली होती, हेच दळण दळतोय. हरिदासचं डोकं फिरलेलं. इतक्यात बॉक्समधला फोन वाजला.

वायर कापलेली होती. टोक खाली लोंबत होतं.

वैतागाच्या भरात त्याने तोही उचलला. उजव्या कानाला. म्हातारीचा आवाज... मऊ. मराठी.

"बाळाला बघायला येऊ का रे?"

डावीकडून गोरा विचारतोय, ऐकतोयस ना?

हरिदास खेकसला, "या, या!"

अरे, इंग्रजीतलं 'या', म्हणजे 'हो'! तुम्ही पोरं दिवसभर म्हणता तेच. गोऱ्याला म्हणाला तो.

उजव्या कानात आवाज आला, "आले हं..."

मग काही नाही. दोन्ही कानांत.

आणि त्याच्या लक्षात आलं... आपण कुणाला काय म्हणालो.

मोबाइल तिथेच टाकून तो जिना चढला. खोलीचं दार सताड उघडं. राजश्री टॉवेलने तोंड पुसत बाथरूममधून येत होती.

"काय झालं रे?"

तो तसाच कॉटपाशी गेला. बाळ झोपलेलं. श्वास चालू. हरिदासला रडूच फुटलं.

राजश्री वाकली.

"हरी... ही तीट कुणी लावली?"

बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका. घरात काजळाची डबीसुद्धा नव्हती.

हरिदासने बोट लावलं. काजळ कोमट होतं.