सही होईपर्यंत

बंगळूरमध्ये हेब्बाळच्या पुलाखाली विमानतळाची बस अडकली, तेव्हा शाल्मलीने दहाव्यांदा फोन उघडला. सकाळपर्यंत तिच्या नागपूरच्या फ्लाइटला दुसरं विमान होतं. आता तिथे ‘तेच’ दिसत होतं. दोन अपघात, साडेतीनशेच्या आसपास माणसं गेलेली, मग जगभर जमिनीवर बसवलेलं आणि दुरुस्ती झाली म्हणून पुन्हा उडायला लागलेलं तेच ते विमान.

तिने तडक घरी फोन लावला. “बाबा, मी नाही येत. विमान बदललं... अहो, हसून काय राहिले? सुखदाला सांगा, तिचा साखरपुडा मी व्हिडिओवर बघते.”

पलीकडे बाबांनी बैलगाडी जुंपून पाठवू का, असं विचारलं. तिने फोन ठेवला. डोळ्यांत आलेलं पाणी पुसायला रुमाल शोधू लागली, तर शेजारून आवाज आला.

“नाकाशी दोन पाती असतात त्याला.”

“काय?”

“तुम्ही म्हणालात त्या विमानाला.”

शेजारी निळ्या शर्टातला एक तरुण बसला होता. गळ्यात ओळखपत्र, नखांच्या कडेला न निघालेलं ग्रीस, आणि डोळे... डोळ्यांकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही. म्हणजे, एकदाच पाहिलं.

“तुम्ही कान लावून ऐकत होतात?”

“मराठी ऐकू आलं की कान आपोआप लागतो हो. आम्हा बंगळूरच्या मराठी लोकांना ते घराबाहेर कुठे मिळतं?” तो ओशाळून हसला. “मी रघुनंदन. बसवनगुडीचा. विमानतळावर इंजिनिअर आहे. निघायच्या आधी विमान तपासायचं आणि सही करायची. सही होईपर्यंत ते जागचं हलत नाही.”

“बाप्पा! मग तुम्हीच सांगा, बसू का त्यात?”

हा प्रश्न तिने आजवर पुष्कळांना विचारला होता. ऑफिसातले म्हणायचे, रस्त्यावर जास्त माणसं मरतात. मैत्रिणी म्हणायच्या, डोळे मिटून गाणी ऐक. हा मात्र थांबला. खरोखरच विचार करत थांबला.

“तुम्ही काय काम करता?” त्याने विचारलं.

“टेस्टर आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. रोज कुणीतरी ‘फिक्स केलं’ म्हणतं आणि रोज ते फिक्स झालेलं नसतं. त्या विमानातही सॉफ्टवेअरच चुकलं होतं ना?”

“हो. नाक किती वर उचललंय ते ही पाती सांगतात. सॉफ्टवेअर एकाच पात्याचं ऐकायचं आणि नाक खाली दाबायचं. पातं खोटं बोललं तरी. आता दोन्ही पात्यांचं जुळलं तरच ऐकतं.”

“तुम्ही बसलात कधी त्यात?”

“नाही.”

इतकं सरळ ‘नाही’ तिने बंगळूरमध्ये प्रथमच ऐकलं.

“सही करतो, पण बसलो नाही. माझ्या हातात असतं तोवर मला भीती नाही. सीटवर बसलं की हातात काहीच राहत नाही... मला ते जमत नाही.” त्याने वर ठेवलेली तिची बॅग खाली काढली. “उतरा तुम्ही. भरवसा नसताना बसू नये. पण प्रश्न असतील तर लिहून पाठवा. ठाऊक असेल ते सांगीन.”

ती उतरली. बस पुढे गेली. हातात त्याचा नंबर होता आणि कानात ते ‘नाही’.

साखरपुडा तिने मारतहळ्ळीच्या खोलीत बसून फोनवर पाहिला. ऐन अंगठीच्या वेळी नेट गेलं. परत आलं तेव्हा सुखदा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, “ताई, लग्नालाही अशीच येणार का गं?” ते शाल्मलीला फार लागलं.

त्या रात्री तिने प्रश्न लिहायला घेतले. सदतीस झाले. टेस्टरची जात, ती काय सोडणार!

रघुनंदनने एकाही प्रश्नाला हसून उडवलं नाही. दर रविवारी बसवनगुडीच्या एका दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, काफी पिता पिता तो चार-पाच उत्तरं द्यायचा. बशीत चमचा ठेवून नाक दाखवायचा, टूथपिकची दोन पाती लावायचा. तीन प्रश्नांना मात्र तो म्हणाला, “हे मला ठाऊक नाही.” आणि खरं सांगायचं तर, शाल्मली त्याच्या प्रेमात पडली ती त्या तीन प्रश्नांपाशी. चौतीस उत्तरं कुणीही पाठ करील हो, पण ‘ठाऊक नाही’ म्हणायला छाती लागते.

एका रविवारी पावसाची सर आली म्हणून तो तिला घरी घेऊन गेला. त्याच्या आईने, कमलाबाईंनी, टॉवेल दिला, गरम चिरोटी दिली आणि वर बजावलं, “हा आमचा रघू कुकरची शिट्टीसुद्धा दोनदा काढून बघतो गं. स्वल्प सांभाळून घे हां.”

“आई!” रघू कानापर्यंत लाल.

“बघू दे की,” शाल्मली चिरोटी मोडत म्हणाली. “मी तिसऱ्यांदा बघीन.”

कमलाबाईंनी तिच्या ताटात आणखी एक चिरोटी वाढली. बाहेर पाऊस पडतच होता.

फाटकापाशी छत्री उघडताना त्याने हळूच विचारलं, “आणि माझ्यावर... भरवसा बसला का?”

“टेस्टिंग चालू आहे,” ती म्हणाली. पण छत्रीच्या दांड्यावर त्याच्या बोटांना लागलेली आपली बोटं तिने मागे घेतली नाहीत.

सुखदाचं लग्न ठरलं एका शुक्रवारी, सकाळच्या मुहूर्तावर. गुरुवारी दुपारपर्यंत शाल्मलीला ऑफिसातून सुटका नव्हती. ट्रेन धरली तर अक्षता पडून, जेवणावळी उठून, सुखदा सासरी गेलेली असायची. उरली गुरुवारची चारची फ्लाइट. विमान? तेच.

“मी येऊ शेजारी बसायला?” रघूने विचारलं. चेहरा पांढरा पडला होता बिचाऱ्याचा.

“तू शेजारी बसल्याने विमान सुरक्षित होतं का?”

“नाही होत.”

“मग?”

“मग मी ड्यूटी बदलून घेतो. तुझं विमान मी बघतो.”

गुरुवारी ती गेटपाशी बसली. बरोबर पावणेचारला बोर्ड बदलला — उशीर. लोक उसळले. एक काका काउंटरवर जाऊन भांडले, की लहानशा गोष्टीसाठी माणसांना ताटकळत ठेवतात. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“शाल्मली, डावं पातं स्वल्प जड फिरतंय.” मागे इंजिनांचा, वाऱ्याचा गोंगाट होता. “मर्यादेत आहे तसं. दुसरा कुणी सही करील. मी करत नाही. पातं बदलायला लावलंय. दीड तास जाईल. सुखदाची हळद चुकेल तुझी... माझ्यावर रागाव, पण आत्ता सही मागू नको.”

शाल्मलीने डोळे मिटले. हा माणूस तिला खूश करायला धडपडणारा. तिच्या चपलेचा बंद तुटला तर बसवनगुडीभर चांभार शोधणारा. आज तिला पोहोचायची किती घाई आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तोच तिला थांब म्हणत होता.

गेले कित्येक महिने ती विमानाबद्दल प्रश्न विचारत होती. पण तिला हवं होतं ते उत्तर कुठल्याच पात्यात नव्हतं. ‘नाही’ म्हणायची वेळ आली की ‘नाही’ म्हणणारं कुणीतरी खाली उभं आहे का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

“हळद चुकू दे,” ती म्हणाली. “तू नीट बघ. मी थांबते.”

साडेपाचला संदेश आला. ‘सही केली.’ लगेच दुसरा. ‘आई बसणार असती तरी आत्ताच केली असती. आधी नाही.’

ती चढली. खिडकीची सीट, पट्टा घट्ट, भीती पोटात तशीच. पण आता त्या भीतीसोबत बसता येत होतं. विमान मागे ढकललं गेलं. खाली रघू उभा होता. ढकलताना चाकात घालतात ती पिन काढली, हे दाखवायला त्याने तिची लाल फीत हात उंच करून पायलटला दाखवली. रोजचाच रिवाज तो. मग तोच हात हळूच वळला... खिडक्यांच्या रांगेकडे, अंदाजाने, चार खिडक्या चुकून.

शाल्मलीला हसू फुटलं आणि रडूही. फोन बंद करायच्या आत तिने भरभर लिहिलं, ‘टेस्टिंग संपलं. तू पास. माझं प्रेम आहे तुझ्यावर. रविवारी नागपूरला ये, बाबांना भेटायला. याच विमानाने.’

रघूने खिशातून फोन काढून वाचलेलं तिला वरून दिसलं. मग उत्तर आलं.

‘सही दुसऱ्या कुणाची असेल ना?’

‘हो.’

‘मला भीती वाटेल.’

‘वाटू दे. नागपूरला उतरलास की मी फाटकाशी असेन.’

विमान वळलं. तो दिसेनासा व्हायच्या आत शेवटचा संदेश आला.

‘सरी, ठीक आहे. येतो. पण ज्याची सही असेल, त्याला आधी सदतीस प्रश्न विचारीन.’