देवव्रतच्या पाणबुडीचं होकायंत्र

भाऊ परबांना अक्षरओळख नव्हती, पण होकायंत्र वाचता येत होतं. चाळीस वर्षं जहाजावर खलाशी म्हणून काढलेली. म्हणूनच शेजारच्या देवव्रतने त्यांना बोरिवलीहून मनोरीला आणलं होतं. तिथे खाडीकाठच्या शेडमध्ये त्याने स्वतःच्या हाताने छोटीशी पाणबुडी बांधली होती. उद्या सकाळी तो एकटाच तिच्यातून पाण्याखाली जाणार होता. खालच्या गढूळ काळोखात वाट दाखवायला होकायंत्राशिवाय दुसरं काही नाही. ते चुकलं, तर पोरगा गेला.

पहिलं यंत्र नवंकोरं. पाणबुडीच्या पोलादी पोटात ठेवताच त्याची सुई पिसाळल्यासारखी फिरू लागली. दुसरं कुर्ल्याच्या भंगारातलं, पितळी. ते शांत राहिलं.

"हे झकास ना, भाऊ?"

"थांब रे बाबा. घाई लग्नात कर."

होकायंत्र बसवण्याआधी बोट चारी दिशांना फिरवून सुई पारखायची, ही जुनी रीत. दोघांनी गाड्यावरची पाणबुडी हळूहळू फिरवली. सुई उत्तरेला राहीना. देवव्रत डावीकडे गेला की डावीकडे, मागे गेला की मागे.

"अंगावरचं लोखंड काढून ये."

किल्ल्या, मोबाइल, पट्टा, सगळं बाहेर ठेवून तो आला. भाऊंनी यंत्र पाणबुडीतून काढून लाकडी स्टुलावर ठेवलं. देवव्रतने स्टुलाभोवती एक फेरी मारली. सुईनेही एक फेरी मारली.

"पोरगी पटली म्हणायची, भाऊ." देवव्रत हसला. एकटाच.

भाऊ म्हणाले, "ह्याच्या भरवशावर पाण्यात नाही जायचं. खाडीपलीकडे मार्व्याला माझ्या जहाजावरच्या मिथुनकडे चांगलं यंत्र आहे. माझं नाव सांग, देईल."

देवव्रत छोटी होडी घेऊन निघाला. टळटळीत दुपार होती. भाऊ स्टुलापाशी बसले. सुई दारातून बाहेर वळली, धक्क्याकडे, मग खाडीकडे. खाडीच्या मध्याकडे वळली... आणि थांबली.

बराच वेळ थांबली. मग मार्व्याकडे न जाता पश्चिमेला सरकू लागली. उघड्या समुद्राकडे. ओहोटी लागली होती.

भाऊ धडपडत उठले. दारात देवव्रत उभा होता.

"अरे... इतक्यात आलास?"

"आलो ना, भाऊ."

भाऊंचा जीव भांड्यात पडला. कपडे कोरडे, हातात मिथुनचं यंत्र. तो जवळ आला. त्याच्या अंगाला गाळाचा वास होता. त्याने भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच जाऊ... चला."

भाऊंनी हळूच मान वळवून स्टुलाकडे पाहिलं.

सुई त्याच्याकडे वळली नव्हती. ती ओहोटीच्या संथ चालीने, तसूतसूने, समुद्राकडे सरकत होती.