मागून नेलेला धागा

मोहर्लीच्या एका दुकानदाराने वाघाचं भरतकाम मागितलं, म्हणून मी जाळीच्या कॅनव्हासवर निरनिराळे टाके करून पाहत होते. तलावाला आडवा टाका, बांबूला उभा, आमच्या घराला फुलीचा. तलावात होडी, होडीत पांढऱ्या धाग्याचे माझे मालक, गोविंदा. बांबूआड पिवळ्या तिरप्या टाक्यांचा वाघ.

"माह्या मागं काऊन बसवलं त्याले?" मालक हसले. "मले होडीतून पाडतं का?"

"लई दूर हाय तो. मधात बावीस घरं हायेत जाळीची."

दुसऱ्या दिवशी मोजली, तर अठरा. माझीच मोजणी चुकली असेल, म्हणून वाघ उसवला आणि पुन्हा बावीसवर भरला. तिसऱ्या दिवशी अकरा. टाके माझ्याच हातचे, धाग्याची ओढही माझीच.

माझं महाकालीचं मौन असतं. रोज सकाळी उठल्यापासून देवापुढचा दिवा आपसूक शांत होईस्तोवर शब्द काढायचा नाही. नऊ वर्षांत एकदाही मोडलं नाही.

चौथ्या सकाळी दिवा लावून कॅनव्हास उचलला. तीनच घरं उरली होती. पिवळा धागा ओला. त्याला गाळाचा वास.

मालक खांद्यावर जाळं टाकून निघाले. मी दारात आडवी झाले, दोन्ही हात हलवले.

"मौनातबी भांडून राह्यली का वो? बाजाराचा दिवस हाय, जाऊ दे."

दिवा तेवत होता. हाक गळ्यापर्यंत आली आणि तिथेच राहिली. ते गेले.

मी सुई घेतली. होडीतले मालक उसवले आणि त्याच धाग्याने घरात, उंबऱ्याच्या आत, घट्ट भरले. घाईत धागा तोडला नाही. कॅनव्हासच्या मागूनच ओढून नेला.

दिवा शांत झाला, तोच मालक दारात.

"अर्ध्या वाटेतून परतलो. पाय पुढं जाईचनात. कोनी मागून ओढून राह्यलं, असं वाटे."

मी महाकालीला हात जोडले. कॅनव्हासवर वाघ कुठेच नव्हता.

सवयीने उलटी बाजू पाहिली.

होडीपासून घरापर्यंत पांढरा धागा. त्याला पीळ घालत आलेला पिवळा.

त्याचा शेवटचा टाका भरलेल्या घराच्या मागच्या दारात होता.

"कोंबड्या काऊन चूप झाल्या?" म्हणत मालक मागची कडी काढायला उठले.

आता मी बोलायला मोकळी होते. "उघडू नका" म्हणायला तोंड उघडलं.

हातातल्या कॅनव्हासवरचा पिवळा धागा हळूच ताठ झाला.