जमादाराचा आरसा

"किती उंचीचा आरसा हवाय?" त्याने सवयीने विचारलं.

"उंचीचं काही नाही... रुंद हवा. आणि ज्याच्यासाठी हवाय, तो जरा भांडकुदळ आहे."

आरशांच्या दुकानातच तो लहानाचा मोठा झाला होता. नटव्या मुली, न्हावी, नाच शिकवणाऱ्या बाई, सगळ्या तऱ्हेची गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती. पण कोपरापर्यंत बाह्या ओल्या, अंगाला खाऱ्या पाण्याचा वास आणि गालावर हिरवा डाग, अशी मुलगी दुकानात पहिल्यांदाच आली होती.

"कोण आहे हा भांडकुदळ?"

"मासा."

त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. गल्ल्यावर बसलेल्या आईनेही चष्मा कपाळावर चढवला.

मुलगी मत्स्यालयात कामाला होती. समुद्राच्या पाण्याची मोठी टाकी तिच्या ताब्यात होती, म्हणून तिथे तिला सगळे टाकीवालीच म्हणत. त्या टाकीत एक जुना सर्जनफिश होता, निळाशार, पाठीवर पिवळी किनार आणि शेपटीच्या बुडाशी सुरीसारखा धारदार काटा. त्याचं नाव जमादार. आता एक पिवळीधमक पाहुणी टाकीत आली होती आणि जमादार तिला घासभरही खाऊ देत नव्हता.

"आधीच्या दोघांनाही त्याने असंच पळवलं. आता साहेब म्हणतात, ही टिकली नाही तर जमादाराला मागच्या छोट्या टाकीत टाका." तिने ओल्या बाह्या वर सारल्या. "दिवसभर पोहणारा मासा आहे हो तो. तिथे झुरून मरेल."

"मग आरसा कशाला?"

"काचेला बाहेरून लावायचा. आत स्वतःलाच बघून त्याला वाटेल, दुसरा जमादार आला! तो त्याच्याशी भांडत बसला की पाहुणीला थोडी उसंत."

"पाहुणी मादीच आहे कशावरून?"

"मला तरी कुठे ठाऊक? दोघं दिसायला सारखेच असतात." ती पहिल्यांदाच हसली. "तुम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांना इतके प्रश्न विचारता?"

"नाही," तो म्हणाला आणि उगाचच लाजला.

आरसा बसवायला तो स्वतः गेला. टाकी एका खोलीएवढी होती. तिच्या आखूड बाजूला, तोंड आत करून, त्याने आरसा चिकटवला. जमादार तरंगत आला... थबकला... आणि कल्ले फुगवून स्वतःवरच तुटून पडला. पाहुणी हळूच दगडाआडून बाहेर आली. टाकीवालीने आनंदाने टाळी वाजवली. त्या टाळीने आपण गारद झालो, हे आरसेवाल्याला तिथल्या तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

"आरसा नीट बसलाय ना, बघायला आलो."

तिसऱ्या दिवशीही तेच. मग ती विचारेनाशीच झाली. तो समोरच्या बाकावर बसायचा, ती टाकीमागच्या बोळात काम करायची. मधल्या दगडांमुळे ती थेट दिसत नसे, पण बाकाच्या एका टोकाला सरकलं, की पाण्यातून तिरका तो आरसा दिसे आणि आरशात ती. ओल्या हातांमुळे मनगटाने नाक खाजवणारी, माशांवर डाफरणारी, मागची काच पुनःपुन्हा पुसणारी. किती कष्टाळू मुलगी, असं त्याला वाटायचं.

"दुकान मत्स्यालयातच हलवूया का?" आई घरी विचारायची.

पण बघत बसलेल्याला नको तेही दिसतं. टाकीवाली रोज वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पान चिमट्याला लावून पाण्यात सोडायची. पान संपायचं, ती समाधानाने चिमटा काढायची. पान कोण खातं, हे मधल्या दगडांमुळे तिला बोळातून दिसत नव्हतं. पान एकटी पाहुणी खात होती. जमादार आरशापासून हलतच नव्हता. त्याचं पोट खपाटीला गेलं होतं.

आरसेवाला सांगायला उठला आणि पुन्हा बाकावर बसला. सांगावं तर आरसा निघणार. आरसा निघाला तर इथे यायचं कोणत्या तोंडाने? त्या दुपारी तो न बोलताच घरी गेला आणि त्याला जेवण गेलं नाही. सकाळी मत्स्यालय उघडायच्या आधीच तो दारात उभा होता.

"तुमचा जमादार जेवत नाहीये."

ती धावत समोरच्या बाजूला आली. जमादाराचं खपाटीला गेलेलं पोट तिने पाहिलं. "मी त्याला वाचवायला निघाले होते..." एवढंच बोलली आणि आरसा सोडवू लागली. आरसा निघाला तसा जमादार वळला आणि पाहुणी पुन्हा दगडाआड गेली.

"आता?"

"आता एकच उपाय. टाकीतले सगळे दगड हलवायचे. ही गुहा माझी, हा कोपरा माझा, असं त्याच्या डोक्यात बसलंय. सगळंच बदललं, की तोही नवा आणि तीही नवी."

"मग हे आधीच का नाही केलंत?"

"एकटीला उचलत नाहीत. आणि..." ती ओशाळली. "एकेक दगड मी माझ्या हाताने रचलाय. अजून कुणाला बोट लावू दिलं नाही."

"मला द्याल लावू?"

तिने लांब हातमोज्यांची दुसरी जोडी त्याच्यापुढे धरली. "शेपटीपासून हात जपा," ती म्हणाली.

फळीवर उभं राहून ती दगड पाण्यातून काठापर्यंत आणायची आणि तो ते उचलून खाऱ्या पाण्याच्या टबात ठेवायचा. मग दोघांनी मिळून नव्याने रचले. हा इथे, नको तिथे, थोडा डावीकडे... दोघं नखशिखांत भिजली. मग बाकावर शेजारी बसून बघत राहिली.

जमादार गोंधळून फिरत होता. नव्या गुहेत डोकावला, मागे सरला. पाहुणी चिमट्याला लावलेल्या नव्या पानाजवळ आली. तोही आला. टाकीवालीने नकळत आरसेवाल्याची बाही घट्ट धरली. जमादाराने शेपटी एकदा वळवली... आणि पानाचं दुसरं टोक तोडलं.

ती रडत होती की हसत होती, देव जाणे. बाही मात्र तिने सोडली नाही.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "मी आरसा बघायला येत नव्हतो. या टोकाला बसलं की... आरशात तुम्ही दिसायचात."

"अख्खा जन्म आरशांत गेला ना तुमचा?"

"हो."

"मग तुम्हाला मी दिसत होते, तर मला कोण दिसत असेल?"

त्याचे कान तापले. आल्या आल्या केस सारखे करणं, जांभया, एकटक बघणं... सगळं सगळं!

"मागची ती काच," ती माशांकडे बघत हळूच म्हणाली, "पहिल्याच दिवशी लख्ख झाली होती. मी रोज कशाला पुसत होते, असं वाटलं तुम्हाला?"