अर्धवट खात्याची दुसरी पाळी

अर्धवट वस्तू घ्यावी की नाही, हे मला कोणी शिकवू नये. सुरतेतल्या डिंडोलीतला आमचा फ्लॅट बिल्डरने 'लिफ्ट येतेय' म्हटल्यावर घेतलेला आहे. लिफ्टच्या जागेत शेजारच्या शोभाबाईंनी कपडे वाळवायच्या दोऱ्या बांधल्यात. वारा मस्त येतो तिथे. लिफ्ट आली तर बायका मोर्चा काढतील.

तर 'लूम राजा' नावाचा गेम घ्यायचा की नाही, ह्याचा मी शांतपणे विचार करत होतो. मागांचा कारखाना चालवायचा गेम. कारीगर ठेवा, सूत आणा, कापड काढा, शेठ व्हा. गेम अजून पुरा झालेला नाही, त्याला 'अर्ली ॲक्सेस' म्हणतात. म्हणजे आत्ताच विकत घ्या, खेळा, आणि काय काय मोडलंय ते बनवणाऱ्याला तुम्हीच कळवा. हॉटेलात जाऊन आपणच कांदा चिरण्यासारखं आहे.

"अर्धं शे ते इकत कशाले लेवानं?" वर्षा म्हणाली. माझी बायको एरवी सुरती गुजरातीत ऑनलाइन साड्या विकते. माझ्यावर चिडली की अहिराणीत येते.

"फ्लॅट घेताना नाही विचारलंस?"

"ईचारं व्हतं. तुम्ही आयकं नही."

म्हणून मी समंजस मार्ग काढला. विकत घ्यायच्या आधी फुकटचा नमुना खेळून बघायचा. वर्षाच्याच लॅपटॉपवर.

मी स्वतः उधन्यात पॉवरलूमवर कारीगर आहे. मागांच्या शेडला आमच्याकडे खातं म्हणतात. दिवसपाळी माझी, रात्रपाळी वाल्मिकची, माग तेच. आणि एक रिवाज आहे, तो कुठे लिहिलेला नाही पण मोडत कोणी नाही. बदली आल्याशिवाय मागावरून हलायचं नाही. बदलीचा माणूस नुसता येऊन भागत नाही. त्याने चालू मागावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "सुटलास." मग आधीचा माणूस सुटतो. वाल्मिक रोज उशिरा येतो. कधी फाटक बंद, कधी चप्पल तुटली, एकदा तर म्हणाला, मोटरसायकलवर कबुतर बसलं होतं, उडवायचं जिवावर आलं. तोवर मी उभा.

नमुन्यात एकच खातं आणि एकच कारीगर मिळाला. गेमने त्याचं नाव विचारलं. मी आनंदाने 'वाल्मिक' लिहिलं.

काय सांगू, पोट दुखेपर्यंत हसलो. हा वाल्मिक भिंतीतून आरपार जायचा. चहाचा ग्लास त्याच्या डोक्यावर तरंगायचा. एक म्हैस, ती का होती कोणास ठाऊक, सूत गुंडाळलेल्या बीमच्या रुळावर चढून बसली आणि गेमने तिला 'उत्तम कामगार' म्हणून बक्षीस दिलं. फक्त दुसरी पाळी सुरू करायचं बटण करडं होतं. दाबलं की यायचं, 'पूर्ण गेममध्ये.'

जेवायच्या वेळी बघितलं तर वाल्मिकने माग सोडून तोंड माझ्याकडे केलं होतं. डोक्यावर अक्षरं आली. 'बदली?'

मी टाळी दिली, वर्षाला. तिने घेतली नाही. गेम बनवणारा नक्की आपल्याकडचाच असणार, मी म्हटलं. इतकं बारीक दुसऱ्या कोणाला सुचणार?

सकाळी खात्यात गेलो. वाल्मिक मागांमध्ये उभा होता. मी मागावर हात ठेवला. "सुटलास रे."

तो हलला नाही. सुताचा तुटलेला तार जोडला, पुढच्या मागाकडे गेला.

"वाल्मिक, सुटलास."

"बदली येऊ दे," तो म्हणाला.

"मग मी कोण आहे? तुझी सासू?"

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखीचं बघणं होतं, राग नव्हता. "तू आलायस ते दिसतंय मला, भाऊ. पण बदली नाही आली."

दोघा-तिघांनी हसत हसत त्याला गेटपर्यंत नेलं, रिक्षात बसवलं. मला वाटलं, तंबाखू बदलली असेल.

संध्याकाळी तो कामावर आला नाही. त्या दिवशी माझी बदली शेजारच्या मागांवरच्या हेमराजने केली. घरी येऊन लॅपटॉपमध्ये बघितलं, तर गेममध्ये कापडाचे ताके छतापर्यंत रचलेले. लॅपटॉप दिवसभर नुसता उघडा होता, गेमला कोणी हातही लावला नव्हता. ह्यात काही नवल नाही, कोणी खेळत नसतानाही गेम आतला हिशोब चालू ठेवतात, मला माहीत आहे. वर्षाला मी तसं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्याना पाय कशाले सुजी ग्यात?"

बघितलं. खरंच सुजले होते. म्हटलं, चित्रकार कच्चा आहे.

दुसऱ्या दिवशी खात्याची सुट्टी. दुपारी आम्ही वरण-बट्टी जेवायला बसलो आणि वाल्मिकच्या बायकोचा, ज्योतीचा फोन आला.

"कुंदनभाऊ, हे कालपासून भिंतीपुढे उभे आहेत. बसत नाहीत, जेवत नाहीत. हात चालू आहेत, तार जोडल्यासारखे. तुम्ही जरा सुटले म्हणून सांगा ना त्यांना."

तिने फोन त्याच्या कानाला लावला. मी मोठ्याने सांगितलं. पलीकडे नुसती बोटं घासल्याचा आवाज येत होता.

टेबलावर लॅपटॉपमध्ये तो वाल्मिक तार जोडत होता. डोक्यावर 'बदली?' तसंच.

मला वर्षाची नजर आवडली नाही. म्हणून मी लॅपटॉप मिटला.

"अगं बाई!" फोनमध्ये ज्योती ओरडली. "हात हवेतच थांबले. भाऊ, पापणी लवत नाही ह्यांची!"

मी उघडला.

"लवली. लवली."

एकदा घडतं त्याला योगायोग म्हणतात. मी खात्री करायला परत मिटला. ह्या वेळी ज्योती ओरडली नाही, नुसती रडायला लागली. मी उघडला आणि मग हात मांडीखाली दाबून बसलो.

"काढी टाका तो गेम," वर्षा म्हणाली.

"मिटल्यावर हे झालं. काढल्यावर काय होईल?"

तिने बट्टीचा तुकडा ताटात परत ठेवला. "मंग घ्या इकत."

त्याआधी आठवडाभर मी समीक्षा वाचत होतो, फायदे-तोटे बघत होतो, आणि शेवटी निर्णय असा झाला. पण झाला तो चोख. मी गेम घेतला. करडं बटण हिरवं झालं. गेमने बदलीच्या कारीगराचं नाव विचारलं.

इथे माझा स्वभाव आडवा आला. असली संधी माणसाला एकदाच मिळते. मी आमच्या शेठचं नाव लिहिलं.

वर्षाने कपाळावर हात मारला, पण हसलीही.

गेममध्ये दार उघडलं. पांढऱ्या कपड्यांतला एक जाड माणूस आत आला. मागांमध्ये जाऊन थांबला. हात पाठीमागे. वाल्मिक त्याच्याकडे बघत राहिला. जाड माणूस मागाकडे.

मागावर हात काही ठेवला नाही.

फोन वाजला. खात्याचा वॉचमन बन्सीलाल होता. "कुंदन, तू ये बाबा. शेठ जेवता जेवता उठून आलेत, हाताला वरण आहे अजून. कुलूप उघडायला लावलं आणि बंद मागांमध्ये जाऊन उभे राहिलेत."

मागून शेठचा आवाज आला. तो आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "कुंदन? मने अहीं कोणे बोलाव्यो?" मला इथे कोणी बोलावलं, असं विचारत होते.

तेव्हा माझी चूक मला कळली. शेठने जन्मात मागावर हात ठेवलेला नाही. सोडवायचं कसं, हे त्यांना ठाऊकच नाही. ते नुसते उभे राहणार. वाल्मिकही उभाच राहणार.

मी नावावर बोट ठेवलं. पहिल्या कारीगराचं नाव बदलता येत नव्हतं. बदलीचं येत होतं. खाली लिहिलं होतं, 'एकदाच.'

हेमराज लिहिता आलं असतं. त्याला रिवाज पाठ आहे. त्याची मुलगीही नुकतीच चालायला लागलीय.

वर्षाच्या फोनवर ज्योती म्हणत होती, "भाऊ, गुडघे वाकायला लागलेत ह्यांचे, पण पडत नाहीत. पडूच देत नाही कोणी."

"नका," वर्षा म्हणाली.

"अगं, माझीच बदली आहे ती. रोज मीच सोडवतो त्याला."

मी माझं नाव लिहिलं.

जाड माणूस गेला. दारातून एक बारीक माणूस आला, माझ्याच चालीने. त्याने मागावर हात ठेवला.

डोक्यावर अक्षरं आली. 'सुटलास.'

वाल्मिक दाराबाहेर गेला.

फोनमध्ये धप्प आवाज आला, मग ज्योतीचं रडणं, मग वाल्मिक. "भाकर आहे का गं?"

हल्ली वाल्मिक वेळेआधी कामावर जातो. शेठ त्या दुपारबद्दल बोलत नाहीत. माझं उत्तम चाललंय. झोप लागते, जेवण जातं, पाय ठणठणीत. गेमबद्दल माझं मत विचाराल तर बेलाशक घ्या. मोडतोड बरीच कमी झालीय, म्हैसही काढली त्यांनी. तिसरी पाळी लवकरच येणार आहे, तसं पानावर लिहिलंय.

आत्ता वर्षा स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा ठेवू का?"

मी खिडकीपाशी बसलोय. म्हणालो, "ठेव." आवाज टेबलाकडून आल्यासारखा वाटला.

ती बाहेर आली. माझ्याकडे न बघता टेबलाशी गेली आणि लॅपटॉपचा आवाज कमी केला.