दोन आयांचा मुलगा

तो आत आला तेव्हा त्याच्या भुवयांना पीठ लागलं होतं.

लंडनमधल्या टॉटनहॅमच्या वाचनालयात, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसलेल्या आराबाला क्षणभर वाटलं, बाहेर बर्फ पडायला लागला की काय! पण काचेवर तर नुसती भुरभुर होती. त्याने कोटातून एक कागदी पुडकं काढलं, पुन्हा आत ठेवलं आणि विचारलं, "इथे... माणूस खरा आहे हे सिद्ध करून मिळतं का?"

"खरे दिसताय की," आराबा म्हणाली. "पीठ पुसलंत तर अजून खरे दिसाल."

तो इतका ओशाळला, की तिलाच वाईट वाटलं.

नाव एबो. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव भाजायचा. लहानपणी घानाहून मावशीबरोबर इंग्लंडात आला आणि इथलाच झाला. कायम राहण्याच्या परवान्याचा शिक्का होता. पण तो मावशीच्या जुन्या पासपोर्टात, तिच्या नावाखाली याचंही नाव लिहिलेलं. इतकी वर्षं त्या शिक्क्यावर निभावलं. आता सगळं ऑनलाइन झालं होतं. शिक्क्याकडे कोणी बघेना. बेकरीच्या मालकाला इथे राहण्याचा, काम करण्याचा हक्क दाखवणारा सरकारी कोड हवा होता, आणि जुनी नोंद नव्या यंत्रणेत चढल्याशिवाय कोड मिळत नव्हता.

"आपल्या घानात वारावरून नाव. एबो म्हणजे मंगळवारी जन्मलेले," आराबा टाइप करता करता म्हणाली. "मीही मंगळवारचीच."

"दोन मंगळवार एका टेबलाशी? मग आठवड्याचं कसं व्हायचं? आणि एकाच वाराच्या माणसांत अहो-जाहो कशाला?"

"आठवडा आपलं बघून घेईल. आईचं नाव सांग."

"एकुआ."

तिने लिहिलं. अर्ज गेला. तो उठला, दोन पावलं गेला, परत आला आणि ते पुडकं टेबलावर ठेवलं. आत गोड पाव होता, अजून कोमट.

"हा तुझ्यासाठी नव्हता," तो म्हणाला. "म्हणजे... आता आहे."

मग दर शनिवारी पाव यायला लागला. अर्जाचं उत्तर आलं का, हे विचारायला तो येई, आणि उत्तर आलं नाही म्हणून दोघांनाही बरं वाटे. ली नदीच्या काठाने दोघं चालत. बदकांना पाव घालू नये अशी पाटी होती. एबो पाटीला पाठ करून पाव घाली. एका रविवारी तो तिला घरी घेऊन गेला. मान्सा मावशीने केंकीचे, म्हणजे पानात उकडलेल्या आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, वाफाळते गोळे सोलले, तळलेला मासा वाढला आणि आराबाला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय गं, वाचनालयवाले आता घरपोच येतात वाटतं?"

"नाही आंटी, मी फक्त..."

"फक्त काय? मासा खा. फक्त म्हणणाऱ्या मुली वाळक्या राहतात."

"आई, छळू नकोस तिला," एबो म्हणाला.

आई. आराबाने ते ऐकलं आणि मासा खात राहिली. तिच्या कानांना त्यात वेगळं काही लागलंच नाही. तीही आपल्या मावशीला आईच म्हणायची. त्यांच्यात आईची बहीण ही आईच असते. मावशी हा शब्द बाहेरच्यांना समजावण्यापुरता.

उत्तर आलं ते कोरडं होतं. जुन्या नोंदीत आईचं नाव मान्सा. नव्या अर्जात एकुआ. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं सिद्ध होत नाही. पुरावे पाठवा.

"मी खोटं कुठे बोलले?" मान्सा रागाने म्हणाली. "विमानतळावर साहेबाने विचारलं, हा मुलगा तुझा? म्हटलं, माझाच. माझ्या बहिणीचं पोर दुसऱ्या कोणाचं असणार? एकुआने पोटातून दिला, मी इथे वाढवला. दोघींचा आहे!"

"आई, यंत्राला एकच रकाना आहे," एबो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला.

'कुठली आई?' एवढंच आराबाने अर्ज भरताना विचारायला हवं होतं. दुसऱ्या कुणी, एखाद्या इंग्रज मुलीने, कदाचित विचारलं असतं. तिला प्रश्नच पडला नाही, कारण ती त्याच्याच लोकांतली होती. परतीच्या वाटेवर तिने तसं सांगितलं, तर त्याने तिचा हात आपल्या कोटाच्या खिशात ओढून घेतला.

"तू विचारलं असतंस, तरी मी एकुआच म्हटलं असतं," तो म्हणाला. "तुझ्यावर छाप पाडायची होती ना. पूर्ण खरं सांगत होतो."

पुरावे गेले. शाळेचे दाखले, लसीच्या नोंदी, घानातल्या केप कोस्टहून एकुआने अंगठा उठवून पाठवलेलं निवेदन. मालकाने तोवर एबोला कामावरून थांबवलं. हिवाळा वाढला. आणि एका दुपारी केप कोस्टहून फोन आला, की एकुआ गेली.

आपल्याकडे म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. त्या दिवशी मान्साला मात्र जगणं नकोसं झालं. ती काळं कापड अंगावर ओढून खुर्चीत बसली, आणि आल्या-गेल्याला एकच सांगत राहिली, "माझी बहीण थंड पेटीत पडून आहे. तिला थंडी कधी सोसायची नाही."

मुलगा आल्याशिवाय पुरायचं नाही, असं तिकडच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं. आणि इकडे नियम असा, की निर्णयाआधी देश सोडला तर अर्ज बंद. परतीच्या विमानात कोडशिवाय कोणी बसू देणार नाही.

नदीकाठी पाणी गोठत आलं होतं. एबोने विचारलं, "तू सांग. थांबू?"

आराबाच्या ओठांवर 'थांब' आलं होतं. अगदी टोकाला. तिने खाली बघितलं.

"तू थांबलास," ती म्हणाली, "तर मला आवडेल. आणि मग तू मला आवडेनासा होशील."

"हे प्रेम म्हणायचं की शिक्षा?"

"जा रे... जाऊन ये म्हणता येत नाही, म्हणून नुसतं जा म्हणतेय."

विमानतळावर त्याचा घानाचा हिरवा पासपोर्ट उघडला, बंद झाला. त्याचा इथला फोन नंबर बंद पडणार होता. अर्जाचं खातं उघडायला तर दर वेळी नंबरवर आलेले सहा आकडे लागतात. म्हणून शेवटच्या घाईत आराबाने तिथेच उभं राहून आपला नंबर त्या खात्याला जोडून दिला. मग एबोने तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

"माझी वाट बघू नकोस," तो म्हणाला.

"बघणार नाही," ती म्हणाली. दोघांनाही खोटं धड बोलता येत नव्हतं.

एकुआला समुद्राजवळ पुरलं. आठवड्याभरात अर्ज बंद झाल्याची सूचना आली. एबोने फोन करून सांगितलं, की आता बोलणं नको. तुझं वय वाट बघण्यात जाऊ नये. त्याने खरंच फोन थांबवले. आराबानेही हट्टाने केला नाही. शनिवारी ती टेबलाशी बसे, येणाऱ्या माणसांना आधी विचारी, "आईचं नाव? आणि तुम्ही आणखी कुणाला आई म्हणता?" लोक चकित होत.

मग एका संध्याकाळी तिचा फोन किणकिणला. सहा आकडे. केप कोस्टमध्ये एबोने अर्जाचं खातं उघडायला घेतलं होतं. तिने आकडे त्याला पाठवले. त्यानेही नुसतं 'मिळाले' लिहिलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आकडे आले. आणि त्याच्या पुढच्या. तिने दर वेळी निमूटपणे पाठवले. एकदा मात्र तिने लिहिलं, 'आकडे देणार नाही. हवे असतील तर फोन कर.'

मग फोन वाजला. पलीकडे समुद्राचा आवाज होता.

"एबो, काय बघतोस त्या खात्यात? अर्ज उघडला का त्यांनी?"

"नाही. 'बंद' असंच लिहिलंय."

"मग दर आठवड्याला कशाला उघडतोस?"

पलीकडे लाट आली, गेली.

"बघायला उघडत नाही गं," तो म्हणाला. "बटण दाबलं की तुझ्याकडे वाजतं ना... तेवढ्यासाठी दाबतो."

आराबाने फोन कानाशी घट्ट धरला. बोलायचं खूप होतं. पण आधी दोघं थोडा वेळ नुसते रडले.