बेरिलच्या मागची जागा

दर बुधवारी दुपारी दोन वाजता आमच्या गावातली चौदा म्हातारी माणसं घाबरायला येतात. येताना घरून उशी आणतात, कारण थिएटरच्या खुर्च्यांच्या स्प्रिंगा सिनेमापेक्षा भीतिदायक आहेत.

गाव थॉर्नसी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे रस्त्याला समुद्राशिवाय दुसरं काही सुचत नाही. थिएटरमध्ये तिकिटं मी फाडतो, प्रोजेक्टर मी चालवतो आणि मध्यंतरात चहाही मीच देतो. खऱ्या कपात, बशीत दोन बिस्किटं. मंडळी चहा मांडीवर घेऊनच पुढचा सिनेमा बघतात, त्यामुळे पडद्यावर खून झाला की मला वरच्या खोलीत न बघताही कळतं. चौदा बश्या एकदम किणकिणतात.

कार्यक्रम ठरलेला. आधी 'साडेचारची गाडी' या साठेक वर्षांपूर्वीच्या सिनेमाचं पहिलं रीळ, मग चहा, मग एखादा नवा भयपट. 'साडेचारची गाडी' आमच्याच गावात चित्रित झाला होता. धुक्यातून एक बस येते आणि तिच्यात चढलेली माणसं पुन्हा दिसत नाहीत, अशी काहीतरी गोष्ट. काहीतरी म्हणतो, कारण बाकीची रिळं माळ्यावर ओल लागून वड्यांसारखी चिकटली आहेत. त्या बसचं शेवटी काय होतं, हे गावात कोणालाच आठवत नाही.

जुनं चांगलं की नवं, यावर चहाच्या वेळी दर आठवड्याला वाद होतो.

"नव्यात रक्त फार," तिसऱ्या रांगेतले लेनर्ड क्रॅबट्री म्हणतात. त्यांनी चाळीस वर्षं खाटकाचं दुकान चालवलं. "आणि रंग चुकीचा. त्या बाईला कुऱ्हाड लागली की टोमॅटोचं सूप, हेच कळेना."

"जुन्यात कुठे खरं असतं, लेनर्ड? जुन्यात तर रक्त काळं असतं," मिसेस पास्क म्हणतात.

"पण जुन्यातलं भूत दार वाजवतं. नव्यातलं घुसतं. शिकवण नाही काही."

"ते मात्र खरं. आपलं भूत उंबऱ्यात उभं राहतं. म्हणतं, माफ करा हं, तुमचं जेवण चाललंय का. तेव्हा खरी भीती वाटते. कारण आपण त्याला 'या' म्हणतो."

हिल्डा पास्क. वय एकोणऐंशी. दर बुधवारी माझ्यासाठी शिळ्या पावाचं पुडिंग आणायच्या, आणि ते मी खातो की नाही हे शेवटचा घास जाईपर्यंत उभं राहून बघायच्या. मला गावात दुसरं कोणी नाही. म्हणजे आई आहे, पण ती स्पेनला असते आणि उन्हाचे फोटो पाठवते.

मिसेस पास्क यायच्या त्या पहिल्या रिळातल्या चाळीस सेकंदांसाठी. समुद्राकडचा बसथांबा, धुकं आणि अकरा माणसांची रांग. सहावी फिकट टोपीतली मुलगी, त्यांची मोठी बहीण बेरिल. तिच्या मागे एका माणसाची जागा रिकामी आहे. त्या जागेमागे पाइपवाला गृहस्थ. चाळीस सेकंदांत बेरिल तीनदा मागे वळून बघते.

"मला बघते ती," मिसेस पास्कनी सांगितलं होतं. "आम्हा दोघींना उभं करणार होते रांगेत. मी म्हटलं, बेरिल, जागा धर, हातमोजे घेऊन आलेच. वाटेत रॉन भेटला. तेव्हा तो चिप्सच्या दुकानात होता. बोलत राहिले. परत आले तर सगळे सामान गुंडाळून निघालेले. बेरिल चिडून त्यांच्याच गाडीतून लंडनला गेली. एक पत्र नाही. दोन वर्षांनी कळलं, न्यूमोनियानं गेली."

"आणि रॉन?"

"रॉनशी लग्न केलं. बरा होता. पण उशिराचं निमित्त म्हणून थोडा साधाच." त्यांनी बशीतला चुरा बोटानं टिपला. "एकदाच सांगायचं होतं रे तिला. उशीर झाला, चुकले. एवढंच."

ती रिकामी जागा मला नेहमीच पटायची. आमच्याकडे 'जागा धरा' म्हटलं की संपलं. मागचा माणूस घड्याळ बघेल, घसा साफ करेल, मनातल्या मनात पेपरला पत्र लिहील, पण पुढे सरकणार नाही. तो पाइपवाला साठ वर्षं चिडलेला आहे आणि अजून बोललेला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या बुधवारी रांगेत दहा माणसं होती.

पहिला उभा असायचा तो सैनिक नव्हता. मला वाटलं, फिल्म तुटली असेल. तुटते, जोडताना चार चौकटी जातात. पण चौकटी गेल्यानं माणूस जात नाही, आणि बाकीचे एकेक पाऊल पुढे सरकत तर मुळीच नाहीत.

रीळ काढलं, दिव्याच्या काचेवर पसरलं आणि भिंगानं पाहिलं. एकही जोड नव्हता. प्रत्येक चौकटीत दहा माणसं. डाव्या कडेला धुक्यात एक उजळ ठिपका होता. तो आधी पाहिल्याचं आठवेना.

पुढच्या बुधवारी नऊ. मग आठ.

मी कोणाला बोललो नाही. असं बोलायचं कसं, हाही प्रश्नच. खाली चौदा जण पडद्याकडे बघत होते, आणि तेही बोलत नव्हते. त्या दिवसांत थिएटरात ओल्या लोकरीचा वास यायला लागला. बाहेर स्वच्छ, थंड ऊन होतं, वर समुद्रपक्षी ओरडायचे, आणि आत शिरलं की आवाज जाड व्हायचे, जणू कोणी कानावर हळूच हात ठेवलाय. झोप लागायच्या आधी जसं वाटतं तसं. वाईट नव्हतं. हेच मला खटकायचं.

सात उरले तेव्हा चहाच्या वेळी क्रॅबट्री म्हणाले, "गाडी आज वेळेवर आहे म्हणायची."

"कुठली गाडी?"

"कुठली म्हणजे? लोक चढतायत म्हणजे गाडी असणारच."

"तुम्हाला दिसतंय तर. मग बोलला का नाहीत?"

"रांग नीट पुढे चाललीय, लेका. तक्रार कसली करायची?"

मिसेस पास्क हसल्या नाहीत. त्या कपात बघत होत्या. "आता बेरिल दुसरी आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी पहिली. मी नवा कोट घेतलाय."

त्या आठवड्यात मला झोप आली नाही. बुधवारी सकाळीच मी रीळ डब्यात घालून चहाच्या कपाटात, बिस्किटांच्या मागे ठेवलं. दोन वाजता पडद्यासमोर उभा राहिलो.

"रीळ तुटलंय. आज थेट नवा सिनेमा. यात एक डॉक्टर सासरच्या सगळ्यांना—"

"बार्नी," मिसेस पास्क म्हणाल्या. मोहरीच्या रंगाचा कोट, हातात पांढरे हातमोजे. "इकडे ये."

मी गेलो.

"खरंच तुटलंय?"

"नाही."

"मग?"

"पुढच्या बुधवारी मला पुडिंग कोण आणणार?"

हे मी गंमतीत म्हणणार होतो. तसं निघालं नाही. त्यांनी माझी कॉलर सरळ केली, ती सरळच होती तरी.

"लोणी जास्त घालायचं आणि मनुका आदल्या रात्री भिजवायच्या. बाकी त्यात काही नाही. पोरा, बेरिलचा नंबर आला आणि मागे जागा रिकामीच राहिली, तर ती एकटीच चढेल. पुन्हा. मी पुन्हा उशिरा पोचेन. तुला चालेल?"

मी वर जाऊन रीळ लावलं. दिवे मालवले.

थांबा. धुकं. डावीकडचा ठिपका आता दिवा झाला होता, दोन दिवे.

बेरिल पहिली होती. तिनं मागे वळून पाहिलं.

खाली खुर्ची वाजली. मिसेस पास्क उठल्या. "माफ करा हं. जरा जाऊ द्या. माफ करा." पाच जणांनी गुडघे बाजूला घेतले. एकानं त्यांची पर्स उचलून हातात दिली.

बेरिलनं दुसऱ्यांदा वळून पाहिलं.

मिसेस पास्क मधल्या वाटेनं उतरत गेल्या. प्रकाशाचा झोत त्यांच्या डोक्यावर होता. पडद्यावर सावली पडली नाही.

मी प्रोजेक्टरच्या बटनावर हात ठेवला होता. दाबलं नाही.

बेरिलनं तिसऱ्यांदा पाहिलं, आणि मग बघायचं थांबली. पाइपवाल्यानं टोपी किंचित उचलली. त्या जागेत काळ्या-पांढऱ्यातला एक राखाडी कोट उभा होता.

या दृश्याला आवाज नाही. पण ओठ मला वाचता आले. तीन शब्द होते.

बेरिलनं डोळे फिरवले, जसे मोठ्या बहिणी फिरवतात. मग पर्स या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा झालेला दंड पुढे केला.

दिवे मोठे होत गेले. पडदा पांढरा झाला.

मी खाली येऊन दिवे लावले, चहा दिला. चौदा कप भरले होते. एक उरला. मिसेस पास्कची उशी त्यांच्या खुर्चीवर होती, मध्ये दबलेली. क्रॅबट्रींनी ती हातानं फुगवून नीट ठेवली आणि म्हणाले, "गाठली तिनं गाडी. बरं झालं." मग आम्ही डॉक्टर सासरच्यांना मारतो तो सिनेमा पाहिला. बश्या किणकिणल्या.

पोलीस आले, सौजन्यानं बोलले, चहा पिऊन गेले. मी पुडिंग करून पाहिलं. लोणी कमी पडलं.

पुढच्या बुधवारी सकाळी रीळ काचेवर पसरून भिंग धरलं. पाइपवाला पहिला. त्याच्यामागे तीन जण आणि शेवटी टोपलीवाली बाई. पाच. बाईच्या मागे एका माणसाची रिकामी जागा.

आता, रांगेच्या शेवटी रिकामी जागा दिसत नसते. तिच्यामागे कोणी उभं असेल तरच ती जागा होते.

तिच्यामागे क्रॅबट्री उभे होते. बुधवारचा टाय, हातात कपबशी.

दुपारी ते नेहमीसारखे आले, तिसऱ्या रांगेत उशी ठेवली. मी शेजारी बसलो.

"मिस्टर क्रॅबट्री, मागच्या बुधवारी तुम्ही पडद्याकडे बघून काही बोललात का?"

त्यांनी आठवून पाहिलं. "हो की. ती टोपलीवाली बाई. हिल्डा गेल्यावर इकडे वळली आणि विचारलं, तुम्हीच का माझ्यामागे? म्हटलं, नाही बाई, माझ्या आधी एक मुलगा आहे, वर कामात आहे, येईलच."

"असं का सांगितलंत?"

"मग काय, तुझ्यापुढे घुसू? तू माझ्या आधीपासून बघतोयस तो सिनेमा." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "काळजी करू नकोस. धरलीय तुझी जागा. गळपट्टा आण मात्र, फार ताटकळावं लागतं."

त्यांच्या कोटाची बाही माझ्या हाताला लागली. गार आणि ओली होती. बाहेर गेला आठवडाभर ऊन होतं.